पेत्काचा उरलेला डोळा

सगळी भिंत झाली, पण तो एक खड्डा बुजवायला रूमेनाचा हात काही उचलेना! पाच महिने!

चर्च तसं एवढंसंच. डोंगरातलं, सहाशे वर्षांचं, आतून छतापासून जमिनीपर्यंत रंगवलेलं. त्या चित्रांच्या दुरुस्तीसाठी सरकारनं रूमेनाला पाठवलं होतं. आणि भिंतीवरच्या जवळपास सगळ्याच संतांचे डोळे खरवडलेले. शाळेत सांगायचे, शत्रूच्या शिपायांनी फोडले. कसले शिपाई! गावातल्याच बायका त्या! घरात कुणाचे डोळे बिघडले की चाकू घेऊन यायचं, संताच्या डोळ्याची भुकटी खरवडायची, पाण्यात कालवून आजाऱ्याच्या पापण्यांना लावायची. असं पिढ्यान्‌पिढ्या.

रूमेनालाही लावली होती. चार वर्षांची असताना तिचे डोळे पार चिकटले होते. "तुझ्या आईनं संत पेत्काचा डोळा आणला, म्हणून तू बघतेस," एवढंच वडील सांगायचे. आई त्याच हिवाळ्यात गेली. मग वडील पोरीला घेऊन, गाव सोडून शहरात गेले. आईचा फोटो एकच, दुसऱ्या कुणाच्या लग्नातला, त्यातही ती घोळक्यात मागे, अर्धा चेहरा कुणाच्या तरी टोपीआड.

म्हणून रूमेना रोज सकाळी परांचीवर चढली की आधी त्या संत बाईच्या, पेत्काच्या, उजव्या डोळ्याच्या खड्ड्यात बोट घालायची. चाकूचा तिरपा ओरखडा होता तिथे. आईचा हात इथून असा फिरला. इथे जोर दिला. इथे दमली. आईचं दुसरं काय होतं तिच्याकडे?

आणि त्या दिवशी कामावर देखरेख करणाऱ्या प्रोफेसरांचा फोन आला. "पेत्काचा खड्डा अजून उघडाच? उद्या परांची उतरतेय, रूमेना. आज बुजव."

तिनं चुना भिजवला, थापी घेतली आणि बसून राहिली.

तेवढ्यात चर्चची किल्ली सांभाळणारी स्तोयना मावशी कॉफी घेऊन आली. शरद ऋतू होता, गावभर मिरच्या भाजणं चाललेलं. मावशीच्या हाताला तोच वास.

"काय गं, चुन्यावर अंडी उबवायला बसलीस का?"

"मावशी, आईचा ओरखडा आहे हा. बुजवला की संपलं."

मावशीनं कॉफी खाली टेकवली. मग म्हणाली, "कुणी सांगितलं तुला, आईचा म्हणून?"

"वडिलांनी."

"त्याला काय ठाऊक, तो बाहेर मेंढ्यांशी बोलत बसलेला! अगं, तुझी आई एवढीशी! स्टुलावर चढली तरी पेत्काच्या हनुवटीच्या वर हात पुरेना. शिडीवर मी चढले, चाकू माझा होता. ओरखडाही माझा."

रूमेनानं थापी खाली ठेवली.

"पाच महिने रोज कॉफी पाजतेस, आणि हे आज सांगतेस?"

"मग? तू सरकारी माणूस! म्हटलं, कबूल केलं तर म्हातारपणी आत टाकशील!"

हसावं का रडावं, रूमेनाला कळेना. "मग आई काय करत होती?"

"मेणबत्ती धरून उभी होती, इथे खाली. एक डोळा झाला. एकानं भागत नसतं गं, दोन्ही घ्यायची रीत. मी दुसऱ्याला चाकू लावणार, तर ही स्टुलावर चढली आणि माझं मनगटच धरलं. म्हणाली, 'बास, स्तोयना. एक राहू दे. माझ्या पोरीकडे बघायला कुणीतरी लागेल.'" मावशीनं डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं नाक पुसलं. "खोकला लागला होता तिला तेव्हा. मी म्हटलं, वेडी आहेस. पण चाकू मिटला."

रूमेनानं मान वर केली. पेत्काचा डावा डोळा! अख्ख्या चर्चमध्ये तेवढा एकच शाबूत. जूनमध्ये तिनं तो दहा मिनिटांत पुसून सोडून दिला होता. दुरुस्तीसारखं तिथे काही नव्हतंच ना! तपकिरी बुबुळ, वर बारीकशी पांढरी रेघ, ओल्या गिलाव्यावर एका दमात ओढलेली.

"मावशी, मेणबत्ती लाव," ती म्हणाली. "आणि आई उभी होती ना, तिथे उभी राहा."

"दिवसाढवळ्या? तुझा तो दिवा आहे की भला मोठा."

"लाव ना गं."

मावशी उभी राहिली, बडबडत, ज्योतीला हाताचा आडोसा करून. रूमेनानं खड्डा भरला. साधा चुना, नवा डोळा काढायचा नाही, असा नियमच असतो. ओरखडा हळूहळू बुजला.

मग ती परांचीच्या या टोकाला गेली. डोळा तिच्याकडे. त्या टोकाला गेली. तरीही तिच्याकडेच.

"उतर आता, कॉफी गार झाली," मावशी खालून म्हणाली.

"थांब," रूमेना म्हणाली. "अजून थोडं बघू दे तिला."