रिकाम्या टाकीवरचं गोणपाट

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, एका बंद कारखान्यामागच्या गवतात मी पडून असते. माझी एक कूस फाटून बाहेर वळली आहे. मला पाहून कुणाला खरं वाटणार नाही, पण मी कधीकाळी विमानातून उडत होते.

हो, विमानातून! जादा इंधनासाठी मला विमानाच्या पोटात बसवलं होतं. शेजारीच प्रवाशांना गार हवा देणारं यंत्र होतं. लोकांना गारवा देता देता ते स्वतः मात्र तव्यासारखं तापायचं आणि त्याची झळ मला लागायची. देखभालीला ठाण्याचे टिपणीस साहेब होते. माणूस चिडका, पण माझ्यावर त्यांचा जीव. मी भरलेली असले की ते निवांत असत. रिकामी झाले की मात्र आल्या आल्या माझ्या अंगाला हात लावून बघत.

"अरे, ते यंत्र आधी बंद करा! विमानात बाहेरून गार हवा सोडा," ते ओरडत. "रिकामी म्हणजे काय खरंच रिकामी? तळाशी थोडं इंधन राहतंच. टाकी तापली की त्याची वाफ होऊन आतल्या हवेत मिसळते. मग एक ठिणगी पुरे. टाकी गार ठेवा, म्हणजे तेवढी वाफच होणार नाही."

माझ्या आणि यंत्राच्या मध्ये त्यांनी उष्णता अडवणारा जाड पडदाही बसवून घेतला. माझी उडती वर्षं सुखरूप गेली, ती त्यांच्यामुळे.

पुढे विमान मोडीत निघालं. मी शहाडच्या भंगारवाल्याकडे आले आणि नव्वद सालच्या सुमारास या कारखान्याने रंगात मिसळायचं टर्पेंटाइन साठवायला मला घेतलं. भर उन्हात, डोक्यावर साधी सावलीही नाही, अशी मला उभी केली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

इथे मला बायजा भेटली. ती आणि तिचा नवरा नाथा खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. खाडीचं पाणी रंगीत झालं, जाळ्यात मासळी येईना, तेव्हा नाथाने होडी उपडी घातली आणि तो इथे पंप चालवू लागला. बायजा झाडलोट करायची. उन्हाळा लागला तसं सुपरवायझर दौलतरावांनी तिला सांगितलं, "बायजाबाई, टाकीवर ओलं गोणपाट टाकत जा. उन्हानं माल उडून जातो बघा, घट येते."

एवढंच सांगितलं. बायजा हसली. मासळीच्या पाटीवर ओलं गोणपाट घालून बाजार गाठण्यात तिचा जन्म गेला होता. ती मला ताज्या मासळीसारखी जपू लागली. गोणपाट सुकतंय न सुकतंय तोच पाणी शिंपडायची. इतकी माया टिपणीस साहेबांनंतर कुणीच केली नव्हती.

मे महिन्यातल्या एका दुपारी माल संपला होता आणि नवा टँकर यायचा होता. नळ कोरडा, पिंपात जेमतेम एक बादली पाणी. बायजाने माझ्या अंगावरचं गोणपाट ओढून काढलं.

"र्‍हाऊ दे ना गो," नाथा म्हणाला.

"पाटीन मावराच नाय, तं गोणपाट कनाला भिजवाचा? ह्या पानी घे, तोंड धू. कवरा तापलास तू!"

तिचं काय चुकलं? माल उडू नये म्हणून गोणपाट, आणि मालच संपलेला. मासळी विकली गेल्यावर कुठली कोळीण रिकामी पाटी भिजवते? पण माझ्या तळाशी टर्पेंटाइन उरलं होतं. भरलेली असते तर इतक्यात तापले नसते. रिकामी मी बघता बघता पोळायला लागले. पोटात वाफ भरत गेली. मला टिपणीस साहेबांचा हात आठवला. जिवाच्या आकांताने ओरडावंसं वाटलं, पण पत्र्याला वाचा कुठली?

तळाचा गाळ काढायला नाथाने माझं झाकण उघडलं. त्याचं तोंड अजून ओलं होतं. त्याने पंपाचं बटण दाबलं. त्या बटणातून ठिणगी उडते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण बदललं कुणीच नव्हतं.

मी फाटले. नाथा माझ्या समोरच उभा होता.

त्याला ठाण्याच्या इस्पितळात नेलं, तो परत आला नाही. बायजा पोलिसांना, मालकांना, दिसेल त्याला एकच विचारत राहिली, "टाकी तं रिकामी व्हती ना? मंग पेटली कशी?" शेवटी तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्याने तिला सगळं समजावून सांगितलं.

मित्रांनो, टाकी रिकामी झाली म्हणून तिला उन्हात विसरू नका. तेव्हाच तिला गारवा जास्त लागतो. आणि कुणाला काम सांगाल, तेव्हा त्यामागचं खरं कारणही सांगा. टिपणीस साहेबांचं ते बोलणं इथे कुणी एकदा जरी बोललं असतं, तर नाथा आज बायजाजवळ असता.

बायजा आता पुन्हा पाटी घेते, दुसरीकडून आणलेली मासळी विकते. उन्हाळ्यात बाजारातून परतताना ती कुंपणाच्या फटीतून आत येते, पाटीवरचं गोणपाट भिजवते आणि माझ्या फाटक्या अंगावर पसरते. माझ्यात आता पेटण्यासारखं काहीच उरलेलं नाही. मला सांगावंसं वाटतं, बाई, आता नको. पण ती गोणपाटाच्या कडा नीट दाबून बसवते, आणि सुकलं की पुन्हा पाणी शिंपडते.