पट्टीच्या माळावरचा अंगारा

सोमवारी भोकरजवळच्या पट्टीच्या माळावर पाय ठेवायला जागा नसते. माळाच्या मधोमध एक फुटका डांबरी पट्टा आहे. तो कुठून येत नाही, कुठे जात नाही. आमच्याकडच्या रस्त्यांत हे काही नवल नव्हे. पण मल्लेशनाथ महाराजांनी तो देवाचा मार्ग असल्याचं जाहीर केलं. पट्ट्याच्या टोकाला एका जागी गवताची काडी उगवत नाही. तिथली माती म्हणजे अंगारा.

"बघा!" महाराजांनी चिमूटभर माती मुंग्यांच्या रांगेवर टाकली. मुंग्या तडफडून आडव्या झाल्या. "पापी जीव टिकत न्हाई! आभाळातून भस्माचा पाऊस पडायचा इथं. पाहणारा माणूस बसलाय समोर!"

पाहणारे म्हणजे ऐंशीच्या पुढचे रामलिंग आबा. त्यांना खास प्लास्टिकची खुर्ची दिली होती.

"आबा, पडायचं का न्हाई आभाळातून पांढरं?"

"हाव. ह्या डोळ्यांनी पाह्यलं. गोठ्याच्या पत्र्यावर थर बसायचा."

सगळा माळ दंडवताला आडवा झाला.

आबांची सून सिंधु लेकीला घेऊन पुढे आली. मागे हीच माती तिनं साक्षीच्या डोक्याला चोळली होती आणि उवा साफ गेल्या होत्या. आता पोरीच्या पोटात जंत झाले, म्हणून महाराजांनी माती दुधात कालवली. साक्षीनं पेला हातात घेतला.

"थांब गं!"

आरोग्य केंद्राच्या डॉक्टर विशाखा. सिंधुनं जंताच्या गोळ्या परत केल्या, तेव्हापासून त्या अस्वस्थ होत्या.

"मॅडम, उवा खरंच मेल्या. खोटं कशाला बोलू?" सिंधु म्हणाली.

"मेल्या असतील. मुंग्याही मेल्या, गवतही मेलं. आबा, ते पांढरं टाकायचं कोण?"

"विमान," आबा शांतपणे म्हणाले. "कपाशीवर किडीची पावडर मारायचं. ह्याच पट्टीवर उतरायचं, हितंच त्यात पावडरीची पोती वतायचे. पुढं बंद पडलं. उरलेली पोती ह्या जागी पुरली. खड्डा मीच खांदला."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"इचारलं कुणी? पडायचं का म्हनले, हाव म्हनलं."

डॉक्टरांनी पेल्याचा वास घेतला. "कीडनाशक. मातीत वर्षानुवर्षं टिकतं. जंत मरतील, पण पोरगीही जाईल. महाराज, आधी तुम्ही घेता?"

"आज सोमवार. आम्हाला उपास हाय."

"दूध चालतंय की उपासाला!" गर्दीतून एक म्हातारी ओरडली.

महाराजांना एकाएकी हिमायतनगरचं तातडीचं बोलावणं आठवलं.

आबा खुर्चीतून उठले. नातीच्या हातातला पेला त्यांनी काढून घेतला. "मीच पुरलं," ते म्हणाले, "आन् मीच पाजून राहिलो होतो." सिंधुनं डॉक्टरांपुढे हात पसरला. गोळ्यांसाठी.

मातीनं उवा मेल्या, हे खरं होतं. आभाळातून पांढरं पडायचं, हेही खरं. आबा तर शब्दाशब्दाला खरे. एवढं सगळं खरं असताना एकच प्रश्न राहून गेला होता: टाकलं कुणी? तो विचारायला डॉक्टरकीची पदवी लागत नाही. तुमच्या गावच्या माळावर असलं काही पडलं, तर आडवं होण्याआधी एवढं विचारा. उभ्या उभ्याच विचारा.