बाटलीतला हिरवा

पहिल्या वर्षी लमयचा मासा धूसर म्हणून बाद झाला. दुसऱ्या वर्षी त्याचा मुलगा स्वच्छ म्हणून बाद झाला.

शनिवारी सकाळी ती बाटल्यांमध्ये डासांच्या अळ्या सोडत होती, तेव्हा फोनवर लढाऊ मासे पाळणाऱ्यांच्या संघाचा निरोप आला. 'आपण पाठवलेला फोटो अस्सल वाटत नाही. तो यंत्राकडून तयार करून घेतल्याची तक्रार आली आहे. प्रवेश रद्द.' खाली जोडलेल्या हातांचं चित्र. लमयनं निरोप दोनदा वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या जोडलेल्या हातांचा तिला जास्त राग आला. माणसाला खोटारडं म्हणायचं आणि वर नमस्कार करायचा, ही कुठली रीत?

बँकॉकजवळच्या नखोन पथोमच्या त्या कालव्याकाठी घरटी कुणी ना कुणी लढाऊ मासे पाळतं. दारूच्या चपट्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या असतात आणि दर दोन बाटल्यांमध्ये एक पुठ्ठा असतो, कारण शेजारी दिसला की मासा गालफडं फुगवून काचेला धडका देत सुटतो. लमयकडे अशा चारशे बाटल्या होत्या. सगळं गाव तिला पा लमय म्हणायचं, थोरल्या मावशीला म्हणतात तसं. अठ्ठावन्न वर्षांची, तोंडानं फटकळ, हातानं हळू. तिचा जीव होता तो एकाच जातीत. सहज पाहिलं तर तो मासा कढईच्या बुडासारखा काळा. पण तो चिडला, पंख पसरून उभा राहिला आणि उजेड बाजूनं आला, की प्रत्येक खवल्याच्या कडेला हिरवी रेघ उमटायची. कोवळ्या भाताचा हिरवा. दोन-तीन श्वासांपुरता, मग पुन्हा काळा.

ही जात तिच्या आईनं सुरू केलेली. आईचं नाव पिन. भातखाचरातला एक काळा रानटी नर तिनं पदरी घेतला आणि त्याची पिढ्यान्‌पिढ्या निवड करत बसली. तिचे मासे गावच्या आखाड्यात लढले, जिंकले, आणि नाव झालं ते बाटली आत घेऊन जाणाऱ्या पुरुषांचं. त्या आखाड्यात बाईला पाऊल टाकू देत नसत. पिन बाहेर चिंचेखाली उकिडवी बसून राहायची आणि आतल्या ओरड्यावरून आपला मासा जिंकला की हरला ते ओळखायची. ती गेल्यावर लमयनं अकरा वर्षं तीच जात पुढे नेली, कारण संघाच्या वहीत नव्या जातीची नोंद होते. नव्या रंगांच्या गटात ज्याचा मासा पास होईल, त्यानं दिलेलं नाव त्या जातीला कायमचं लागतं. लमयला तिथं 'पिन' लिहून हवं होतं. बक्षिसाचा चषक त्यांनी वाटल्यास भोपळ्याच्या वेलाला टांगावा.

यंदा नाही झालं तर पुढच्या वर्षाला अर्थ नव्हता. परदेशात मासे पाठवणारा विरोट, गावाच्या तोंडी अदबीनं खुन विरोट, मागच्या मोसमात तिच्याकडून याच जातीचे आठ नर घेऊन गेला होता. त्याच्याकडे पिल्लं तयार होत आली होती. तो पुढच्या वर्षी आपल्या नावानं नोंद करणार, हे कालव्यातल्या बदकांनाही ठाऊक होतं. यंदाची तक्रार कुणी केली असेल, ते सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

पूर्वी परीक्षक बाटली हातात घेऊन मासा बघायचे. दोन वर्षांपूर्वी संघाला सुधारणेचा झटका आला आणि पहिली चाळणी फोटोवर लागली. फोनवर काढलेला एक फोटो, काही फेरफार न केलेला. लमयनं काढले चाळीस. चाळीसही फोटोंत बाटलीच्या काचेवरचे ओरखडे अगदी दाढीच्या खुंटांसारखे मोजून घ्यावेत असे आले, आणि मागे एक काळा गोळा. त्यातला त्यात बरा तिनं पाठवला. उत्तर आलं, 'रंग दिसत नाही.'

मग ती देवळाच्या दारातल्या लुंग थियमकडे, म्हणजे थियमकाकाकडे, गेली. थियम बुद्धाच्या इवल्याशा जुन्या मूर्ती विकायचा, म्हणजे त्याच्या भाषेत भाड्यानं द्यायचा, कारण बुद्ध विकतो म्हटलं तर पाप. त्या मूर्ती प्लास्टिकच्या डबीत बंद असतात, आणि बँकॉकचं गिऱ्हाईक फोटोत मूर्तीच्या नाकावरची चीर बघितल्याशिवाय बोलत नाही.

"फोनला वाटतं, जे पहिलं आडवं आलं तेच बघायचं असणार," थियम म्हणाला. "उतावळा नवरा आहे तो. त्याच्यावर सोडशील तर डबीचाच फोटो काढेल. त्याच्या हातातून काढून घे."

त्यानं दाखवलं. कॅमेऱ्यात आत शिरलं की एक आडवी पट्टी होती. तिच्या एका टोकाला फूल, दुसऱ्या टोकाला डोंगर. फूल म्हणजे जवळ, डोंगर म्हणजे लांब. बोटानं ठिपका सरकवायचा आणि फोनची नजर आपल्याला हवी तिथं नेऊन बसवायची. नजर जिथं बसेल तिथल्या कडा पडद्यावर हिरव्या चमकतात. त्या फक्त खुणेच्या, फोटोत येत नाहीत. मूर्ती हलत नाही, म्हणून थियमचं काम तिथं संपायचं. मासा मात्र हलतो. लमय ठिपका सरकवून नजर बसवेपर्यंत तो दुसऱ्या कोपऱ्यात गेलेला असायचा. महिनाभर तिनं त्याच्यामागे बोट पळवलं आणि माशाला नि फोनला सारख्याच शिव्या घातल्या.

एका दुपारी तिचं तिलाच हसू आलं. माशाच्या मागे पळायचं कशाला? पुठ्ठा काढला की हा नर शेजाऱ्याशी भांडायला दर वेळी एकाच जागी येऊन उभा राहतो, बाटलीच्या खांद्याखाली दोन बोटं, डावी कूस उजेडाला देऊन. त्याचा बापही तिथंच उभा राहायचा. हे तिला गेली कित्येक वर्षं माहीत होतं, फोनला माहीत नव्हतं. तिनं त्या जागी, बाटलीच्या पाण्यात, एक भाताची काडी उभी धरली, काडीच्या कडा हिरव्या होईपर्यंत ठिपका सरकवला, काडी काढून घेतली आणि पुठ्ठा उचलला. मासा आला, उभा राहिला, पेटला. तिनं एकदाच बोट टेकवलं. फोटोत खवला न्‌ खवला आपली हिरवी कड घेऊन उभा होता.

आणि तो फोटो म्हणे यंत्रानं बनवला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ही गत. धूसर आला तर मासा वाईट, नीट आला तर बाई लबाड.

प्रवेश रविवारी संध्याकाळी बंद होणार होते. लमयनं दोन बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या, एक आपल्या नराची, एक त्याला चिडवायला आणलेल्या शेजाऱ्याची. पुठ्ठा, भाताची काडी, फोन आणि चिकट भाताची एक पुडी पिशवीत टाकली आणि शहराची बस पकडली. वाटभर तिनं मांडीवर पिशवी आणि ओठांवर भाषण धरून ठेवलं होतं.

संघाच्या सभागृहात पाच जण होते. अध्यक्ष आचान सनित, निवृत्त शाळामास्तर म्हणून आचान, म्हणजे गुरुजी, माशांतले जुने जाणकार. तिघं सभासद. आणि कोपऱ्यात बर्फाच्या कॉफीची पिशवी नळीनं चोखत बसलेला खुन विरोट. सगळ्यांच्या अंगात संघाची भडक नारिंगी जाकिटं. लमयनं हात जोडले आणि मग भाषणातलं एकच वाक्य तिच्या तोंडून बाहेर आलं, की मासा घेऊन आले आहे, बघा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

आचान नरम आवाजात म्हणाले की तसं करता येत नाही. पहिली चाळणी फोटोची आहे, मासा दुसऱ्या फेरीत बघतात, आणि नियम सर्वांना सारखा. फार तर तिनं इथं समितीसमोर तसाच फोटो काढून दाखवावा. निघाला तर तक्रार रद्द.

"मासा इथं आहे, तुम्ही इथं आहात," लमय म्हणाली. "मधे फोन कशाला घालता?"

"नियम, पा लमय," आचान म्हणाले.

तिनं मुकाट्यानं खिडकीपाशी टेबल ओढलं. बाटल्या मांडल्या, मधे पुठ्ठा ठेवला, फोन चिकट भाताच्या पुडीला टेकवून उभा केला. काडी पाण्यात सोडली आणि ठिपका फुलाच्या बाजूला सरकवला. काडीच्या कडा पडद्यावर हिरव्या झाल्या. तेवढ्यात विरोट उठून तिच्या खांद्यावरून वाकला होता.

"हे बघा. मी काय सांगत होतो? मासा यायच्या आतच फोन हिरवा रंग फासतोय."

सभासद गोळा झाले. एकानं तर मोठा उसासा टाकला. लमयनं फोन उचलला, विरोटच्या तोंडासमोर धरला आणि ठिपका सरकवला. त्याच्या चष्म्याच्या काड्या, नाकाची कड, कॉफीची नळी, सगळं हिरवंगार झालं. मग तिनं फोटो काढून दाखवला. त्यात विरोट नेहमीसारखाच पिवळट होता.

"पटलं? की तुम्हालाही यंत्रानं बनवलंय?"

आचानना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं. विरोट आपल्या खुर्चीकडे परत गेला.

पण खरी अडचण पुढे होती. बसच्या धक्क्यांनी मासा फिका पडला होता, अंगावर भ्यालेल्या माशाच्या आडव्या पट्ट्या आल्या होत्या. लमयनं सगळ्यांना ती नारिंगी जाकिटं काढून भिंतीशी बसायला सांगितलं. पंचवीस मिनिटं गेली. एक सभासद जेवणाची आठवण काढू लागला. विरोट म्हणाला की घरी बसून फोटो बनवायला इतका वेळ लागत नसेल. लमयनं मान वळवली नाही. ती फक्त माशाकडे बघत होती. हळूहळू पट्ट्या विरल्या आणि काळा रंग परत चढला. तिनं फोन परत पुडीला टेकवून काडीवर नजर बसवली, काडी काढली आणि पुठ्ठा उचलला. मासा आला, बरोबर खांद्याखाली दोन बोटं, डावी कूस उजेडाला. तिनं बोट टेकवलं आणि पुठ्ठा लगेच खाली सोडला.

फोटो बघायला पाचही जण फोनवर तुटून पडले. बोटांनी तो मोठा करून खवले बघितले, माना डोलावल्या. बाटलीकडे कुणीही पाहिलं नाही. मग जेवणाची आठवण काढणारा सभासद म्हणाला की सगळं ठीक, पण भिंतीपासून त्याला नीट दिसलं नाही, तेव्हा पुन्हा एकदा करावं, या वेळी त्याचं चित्रण करू, म्हणजे तक्रारदाराला बोलायला जागा नको. विरोटनं ताबडतोब दुजोरा दिला. आचाननीही मान हलवली.

लमयनं माशाकडे बघितलं. त्याची गालफडं अजून धपापत होती. प्रवासानं दमलेला नर तासाभरात दोनदा चिडवला तर पंख फाडून घेतो, हे त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक असायला हवं होतं. तिला हेही ठाऊक होतं की नाही म्हटलं तर वही बंद होईल, आणि आईचं नाव आठ नरांबरोबर विरोटच्या हौदात जाईल.

"नाही," ती म्हणाली. "पुरावा दिला. आता तुम्हाला तमाशा हवाय. माझी आई चाळीस वर्षं आखाड्याबाहेर बसली, आत काय चाललंय ते बघू दिलं नाही तुम्ही लोकांनी. मी आत येऊन उभी आहे, तर तुम्हीच बघायला तयार नाही. नका लिहू नाव. पण आता हा पुठ्ठा मी उचलणार नाही आणि तुम्हालाही उचलू देणार नाही."

"मग प्रवेश रद्दच," विरोट म्हणाला. "नियम आहे."

आचान सनित थोडा वेळ हातातल्या फोनकडे बघत राहिले. मग त्यांनी तो टेबलावर पालथा ठेवला, चष्मा कपाळावर चढवला, गुडघ्यावर हात टेकून कण्हत कण्हत खाली वाकले आणि डोळा बाटलीच्या काचेला लावला. मासा शेजाऱ्याला शोधत होता. त्याला शेजारी दिसला नाही, म्हातारा डोळा दिसला. त्यानं त्या डोळ्यावरच पंख पसरले.

आचान बराच वेळ तसेच होते. उठले तेव्हा त्यांनी वही मागितली. विरोटनं पुन्हा नियमाचं नाव काढलं, तसे ते त्याच्याकडे न बघता म्हणाले, "नियम मी केलाय, विरोट. हा मासा मला सात जन्मांत करता आला नसता." मग लमयला त्यांनी जातीचं नाव विचारलं.

"पिन."

त्यांनी लिहिलं. अक्षर मास्तरांचं, गोल आणि ठसठशीत. वही तिच्याकडे वळवून ते म्हणाले की झालं ना आता मनासारखं, आता तरी हसा.

लमय हसली नाही. तिनं नाव वाचलं, बाटल्या फडक्यात गुंडाळल्या आणि पिशवीत ठेवल्या.

"एवढंसं वाकायचं होतं, आचान," ती म्हणाली. "त्याला तुम्हाला दोन वर्षं लागली."