झोपलेल्या कांद्यांना पाणी

मित्रांनो, ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालची. मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. चांगली वीस वर्षे मी इमानाने पाणी घातले. पण त्या वर्षी माझ्या पोटात मत्सर शिरला, त्याची गोष्ट सांगते.

मला घडवणाऱ्याने बुडाचा सांधा घाईत डाख देऊन जोडला होता. त्यामुळे मी जन्मापासूनच गळकी. तरी ताईने मला टाकले नाही. ताई म्हणजे दवाखान्यातली नर्स. ती आणि तिची धाकटी बहीण अशा दोघीच त्या घरात राहत. धाकटी शाळेत चित्रकला शिकवायची. ताई कामावर जाण्याआधी मला काठोकाठ भरायची आणि म्हणायची, "चल गं, गळू नकोस फार." गुलाब, शेवंती, सगळे माझ्याकडे डोळे लावून बसलेले असायचे.

मग धाकटीने शोभेच्या कांद्याचे बी पेरले. मातीत वाळू मिसळली, वाफा उंच केला. पहिली तीन वर्षे नुसती गवतासारखी पात. चौथ्या वर्षी मात्र कमरेएवढ्या दांड्यांवर जांभळे चेंडू उभे राहिले. एकेका चेंडूत शेकडो चिमुकल्या चांदण्या! रस्त्यावरची माणसे थांबू लागली.

शेजारचे शिंपीकाका कुंपणावरून ओरडले, "काय गं, चिरायचे कधी?"

"हात तर लावून बघा, काका! तुमचीच कात्री घेऊन येईन मागे!" धाकटी म्हणाली.

सगळे हसले. गुलाबाकडे कुणी बघेना. माझे तर नावच नाही! माझ्या पाण्यावर वाढलेले हे कांदे, आणि मान कशी ताठ! मी आतून जळत होते.

फुले सुकली, पात पिवळी पडली. तेव्हाच धाकटीला तीन आठवड्यांसाठी प्रशिक्षणाला जावे लागले. निघताना ती म्हणाली, "ताई, या वाफ्याला आता पाणी नको हं. कांदे झोपलेत. पातही कापू नकोस."

"जा गं तू. मी बघते," ताई म्हणाली. पण दवाखान्याची वेळ झाली होती आणि तिचे लक्ष घड्याळाकडे होते.

चार दिवसांनी तिला ती पिवळी पात दिसली. तिचा जीव कळवळला. आजाऱ्याला पाणी पाजायचे, एवढेच तिला आयुष्यभर ठाऊक. तिने मला भरले आणि त्या वाफ्याकडे नेले.

मित्रांनो, मी धाकटीचे शब्द ऐकले होते. नळापासून तो वाफा सगळ्यात लांब. एरवी तिथे पोचेपर्यंत मी अर्धी रिकामी व्हायचे. पण त्या दिवसांत मी सारा गंज बुडाच्या फटीत ओढून धरला आणि एक थेंब सांडू दिला नाही. ताई म्हणाली, "शहाणी झालीस की गं!" रोज दोन झाऱ्या, सतरा दिवस.

धाकटी परतली ती थेट वाफ्यावर. तिने माती उकरली. हाताला मऊ, काळा लगदा लागला. वास सुटला होता.

"ताई, पाणी घातलंस?"

"सुकत होते गं ते. मला बघवेना."

"अगं, घरातले कांदे तू कोरड्या टोपलीत ठेवतेस ना? मग हे कोण, मासे?" धाकटी हसायला गेली आणि रडलीच. "चार वर्षं, ताई. न चिरताच रडवलंस."

तेरा कांद्यांपैकी कडेचा एकच वाचला. त्यानंतर ताईने मला पुन्हा हात लावला नाही. ती स्वतःला दोष देत राहिली आणि मी गप्प राहिले. झारीला तोंड असते, पण बोलता येत नाही.

शिंपीकाका पुढे मुलाकडे राहायला गेले. ताई निवृत्त झाली आणि अकरा वर्षांनी गेली. शेवटपर्यंत ती त्या वाफ्याला वळसा घालूनच चालायची. धाकटीने वाचलेल्या एका कांद्याची पिल्ले वेगळी केली, गल्लीभर वाटली. आता ती काठी टेकत फिरते, पण पात पिवळी पडली की दारोदार जाऊन बजावते, "आता पाणी बंद!"

मला तिने कधी भंगारात दिले नाही. मी खोपटात पडून आहे. माझ्याइतकी जुनी माणसे आता फारशी उरली नाहीत, तेव्हा माझे एवढे ऐका. माया करायची तर आधी विचारून करा. आणि कुणाचे कौतुक ऐकून पोटात आग पेटली, तर ती तिथेच विझवा. मला ते जमले नाही. खरे सांगू? खिडकीतून ते जांभळे चेंडू दिसतात, तेव्हा मी अजूनही जळते.