समासातला एक शब्द

आप्पांचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी उत्तरेश्वर आमच्या दारी आले. बीडच्या सरकारी बंगल्याच्या बागेचे ते नवे दरोगा. एकोणीस वर्षं ते काम आप्पांनी, माझ्या वडिलांनी केलं होतं.

"बाई, गवत कापायचं यंत्र बघायला जरा येता का? दुरुस्त करायचं की नवं मागवायचं, ते आज कचेरीला कळवायचंय. आप्पांनी कचेरीच्या पत्रावर काहीतरी लिहून ठेवलंय, पण मला उलगडा होत नाही."

मी गेले. यंत्र चिंचेखाली उभं होतं. मागून आप्पा ढकलायचे आणि पुढून हरिबा माळी खांद्यावर पट्टा घेऊन ओढायचा. रुळाला चीर गेली होती, दोन पाती वाकली होती. दांड्याचं लाकूड आप्पांच्या हातांनी दोन जागी झिजून खोलगट झालं होतं. मी तिथे हात लावला नाही.

हरिबा पाती पुसत बसला होता.

"ताई, लोहार म्हनतो पाती ठोकून देतो, रुळाला पट्टी मारतो. लई दिस चालंल. नवं यंत्र बैलाचं हाय म्हनं. आप्पांच्या शिव्या मला पाठ हायती, बैलाला त्या कोन शिकवनार?"

"बैल हाकायला तूच राहणार बे," उत्तरेश्वर म्हणाले. "घाबरतो कावून?"

"मी कशाला घाबरू? आप्पांचं यंत्र हाय, म्हनून म्हनतो."

मलाही तेच वाटत होतं. आप्पांचे कपडे, छत्री, चपला, सगळं देऊन झालं होतं. सासरहून, चौसाळ्याहून माहेरी आले की निदान हे यंत्र चालताना दिसलं असतं.

उत्तरेश्वरांनी कचेरीचं उर्दू पत्र पुढे केलं. ते श्रावणात आलेलं होतं. नवं यंत्र द्यायला कचेरी तयार होती, फक्त जुन्याची हालत काय आहे ते विचारलं होतं. समासात आप्पांनी मोडी लिपीत दोनच शब्द लिहिले होते: यंत्र नाकारा.

"मराठीत वाचलं तर नवं यंत्र घेऊ नका," उत्तरेश्वर म्हणाले. "कचेरीच्या भाषेत वाचलं तर नाकारा म्हणजे निकामी, जुनं मोडीत काढा. तुम्ही सांगाल तसं लिहितो."

हरिबाचा चेहरा उजळला. "नवं नाकारा! दुसरं काय असनार?"

मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मोडी मला आप्पांनीच शिकवली होती, आणि तीही बागेच्या टिपणांवरून. हौद धुणे. दोर बदलणे. कलमांस पाणी देणे. स्वतः करायचं काम ते कायम असंच लिहीत. यंत्र घ्यायचं नसतं तर त्यांनी 'नाकारणे' लिहिलं असतं. स्वतःलाच अहो-जाहो करून 'नाकारा' म्हणणारा माणूस तो नव्हे. मी पत्र पुन्हा वाचलं. अक्षर नेहमीसारखंच घोटीव होतं.

"निकामी," मी म्हणाले. "आप्पांनी हे यंत्र निकामी ठरवलं होतं. नवं मागवा."

"नक्की?"

"नक्की." आणि मी त्यांना कारण सांगितलं.

उत्तरेश्वरांनी दौत उघडली. हरिबाने पुसलेलं पातं पुन्हा पुसायला घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पर ताई, हे श्रावनात लिवलं. अन् दिवाळीपस्तोर आमी दोघं तेच वढत व्हतो. मला कावून न्हाई सांगितलं?"

त्याच श्रावणात आप्पा पहिल्यांदा वैद्यांकडे छाती दाखवायला गेले होते. हे आम्हाला कळलं, ते आप्पा गेल्यावर तिसऱ्या दिवशी वैद्य भेटायला आले तेव्हा.

"हरिबा," मी म्हणाले, "आम्हालाही त्यांनी काही सांगितलं नाही."