वावटळला चक्कर का येत नाही?

बायको मंदा वारल्यापासून पोरगी हेमाली बाळारामशी भांडत नव्हती, आणि त्याला नवघरचं घर खायला उठत होतं. कालवण खारट झालं तरी "छान आहे, बाबा." टीव्हीवर काहीही लावा, "चालेल, बाबा." नोकरी करणारी, एरवी तोंडाळ पोरगी बापाला काचेच्या भांड्यासारखी जपत होती. त्याला तेच सोसवत नव्हतं.

म्हणून 'वावटळ' पिक्चर लागला तशी त्याने स्वतःहून तिकिटं काढली. वावटळ हा कॉमिक्समधला हिरो. गरागरा फिरला की त्याचं वादळ व्हायचं. लहानपणी हेमालीला ती पुस्तकं मंदा आवाज काढून वाचून दाखवायची, आणि बाळाराम जाळं शिवता शिवता ऐकायचा. पिक्चर बघून आलं की या घरात भांडण ठरलेलं. मंदा खोट काढायची, बाळाराम पिक्चरची बाजू घ्यायचा आणि हेमाली मध्ये तेल ओतायची. आज मंदाची जागा आपण घ्यायची, म्हणजे पोरगी चिडेल, असा त्याचा बेत होता.

पण पडद्यावर वावटळने खाडीपुलावरून कोसळणारी बस वाऱ्यावर झेलली, आणि बाळाराम खुर्चीतून उठलाच. "आरं तिच्या!"

"चाचा, बैठो ना!" मागून कोणीतरी ओरडलं.

खलनायक आपल्या बुडालेल्या गावाबद्दल बोलला, तेव्हा तर बाळाराम त्याच्याच बाजूचा झाला.

बाहेर शांती नगरच्या रस्त्यावर येताच त्याने घसा खाकरला. "काय हाय त्यात? शेवटी नुसती इमारतींची पाडापाडी."

"हो ना, बाबा."

"आनि तो हिरो बोलतो किती!"

"खरंय."

आता काय करावं? डोळ्यांसमोर ती बस आली आणि त्याला पुढे खोटं बोलवेना.

"न्हाय गो बाय, लय भारी होता! ती बस! आनि पुस्तकात तो फिरून फिरून चक्कर येऊन पडायचा, इथं एकदा तरी पडला? याला म्हनतात हिरो!"

हेमाली भेळवाल्याच्या गाडीपाशी थबकली. "काय बोललास?"

"चक्करच न्हाय त्याला. कडक!"

"कडक? वाट लावलीय! चक्कर येते म्हणून तर तो आवडतो. दर वेळी वाटतं, आता हा पडणार, आता व्हिलन पकडणार याला. शेजारची आजी लिंबूपाणी देते तेव्हा कुठे उठतो. इथे आजीच गाळली! मग भीती कसली? मला जांभया येत होत्या."

"बस पडताना माझा हात कोनी आवळला?"

"बस मस्तच होती, नाही कोण म्हणतंय? पण एक बस म्हणजे पिक्चर का?"

"आनि तो बुडालेल्या गावाचा?"

"तो भारी! म्हणूनच तर लगेच मारून टाकला. तुला काय, धूर दिसला की खूश. आई म्हणायचीच, याला पिक्चरमधलं काही कळत नाही!"

बोलून गेली आणि तिने ओठ दाबले. मंदाचं नाव दोघांनी इतके महिने टाळलं होतं. बाळारामने मात्र लगेच मान उडवली.

"तिला तरी कुठं कळायचं!"

"बाबा! आईला काही बोलायचं नाही हां!"

"बोलनार! अर्ध्या पिक्चरला झोपायची ती!"

"तुझ्या घोरण्यानेच जागी व्हायची!"

एक रिक्षा हळू झाली. "जाना है या झगडना है?"

"झगडना है!" बाळाराम आनंदाने ओरडला.

हेमाली तोवर पुढचा मुद्दा काढून चालूही लागली होती, आणि तो उत्तर देत देत तिच्या मागे जवळजवळ धावत सुटला.