कोरीची टोकं

पाकिस्तानातल्या मर्दानजवळच्या त्या गावात चांगली दुर्बीण एकच, मुलींच्या कॉलेजच्या गच्चीवर. म्हणून एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी ईदचा चंद्र शोधणारी समिती तिथेच जमायची. दुर्बीण लावायची पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या दुरखानईने. चंद्र बघायचा समितीने.

समितीचे पाचही जण खाली खजूर-भजी खाऊन रोजा सोडत होते, मग सावकाश नमाजाला उभे राहिले. तेवढ्यात ढग फाटला. सहा चव्वेचाळीस ते सहा अठ्ठेचाळीस, चार मिनिटं कोर दिसली. दुरखानईने पाहिली, प्रयोगशाळेतल्या नसरीनाने पाहिली, आणि ढग मिटला.

समितीचे प्रमुख मौलाना हिदायतुल्ला दाढी पुसत वर आले. दुरखानईने वेळ सांगितली आणि आमची साक्ष लिहून घ्या म्हणाली. ढगाळ असलं की दोन पुरुष, नाहीतर एक पुरुष आणि दोन बायका लागतात, असं त्यांनी तिला समजावलं.

"बायका दोन आहेत," ती म्हणाली. "पुरुष भजी खात होते."

मौलानांनी मोतीबिंदूवाला डोळा दुर्बिणीला लावला. समोर नुसता ढग. "सुब्हानल्ला," ते म्हणाले. "दिसला." चौघांनी माना डोलावल्या. कागदावर मौलानांचं नाव आलं. घरंदाज बायकांची नावं परक्या पुरुषांत कशाला, म्हणून मौलानांच्या नावापुढे फक्त 'दोन स्त्रिया' असं लिहिलं.

मग वरच्या समितीचा फोन आला. साक्षीदाराची उलटतपासणी होते, हे मौलानांना ठाऊक होतं. आपलीही होईल असं वाटलं नव्हतं. कोरीची टोकं कुठल्या बाजूला होती?

मौलानांनी फोनवर हात ठेवला. "बेटी, टोकं कुठे होती? हळूच सांग."

"माझी साक्ष अर्धी, मौलानासाहेब. कुजबुजले तर पावच उरेल. कागदावर आमची नावं घाला आणि फोन इकडे द्या, खणखणीत सांगते."

मौलानांनी तिच्याकडे पाहिलं, मग कॉलेजच्या झेंड्यावरच्या चंद्राकडे. "उजवीकडे," ते फोनवर म्हणाले.

टोकं नावेसारखी वर होती, जराशी डावीकडे कललेली. साक्ष फेटाळली गेली.

गावाने तिसावा रोजा धरला. दुरखानईनेही धरला, डोकं ठणकेपर्यंत. संध्याकाळी चंद्र इतका जाड आणि उंच दिसला, की गच्च्यांवरच्या म्हाताऱ्याही म्हणाल्या, हा तर कालचा. मौलानांनी भोंग्यावरून सांगितलं, मी तर कालच पाहिला होता.

दुरखानईने वहीतल्या कालच्या नोंदीखाली दोघींची पूर्ण नावं लिहिली. मग दुर्बिणीला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.